बोटॉक्स घेतलं, आता पुढे? पहिल्या तासापासून चौथ्या महिन्यापर्यंत

खुर्चीवरून उठल्यावर हातात आरसा मिळतो आणि त्यात दिसतं ते एवढंच: कपाळावर डास चावल्यासारखे चार-पाच फुगवटे, एखाद्या ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका, आणि आठ्या जशाच्या तशा. पहिल्यांदा इंजेक्शन घेणारा माणूस इथेच बिचकतो. पैसे गेले, टोचूनही घेतलं, आणि फरक काहीच नाही! फरक पडायला अजून दोन-तीन दिवस आहेत आणि पूर्ण दिसायला चौदा. या चौदा दिवसांत घाई केली की बिघडतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून इंजेक्शन घ्यायला जाणाऱ्यांसाठी पुढचा सगळा क्रम इथे दिला आहे. आपल्याकडच्या कपाळाला दिवसभरात किती गोष्टी लागतात, तेही त्यात धरलं आहे.

औषध आत जाऊन करतं काय

भुवया आवळायच्या, कपाळ वर ओढायचं, तर मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला निरोप जावा लागतो. हा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन नेतं. बोट्युलिनम टॉक्सिन ए (म्हणजे ज्याला सगळेच सरसकट बोटॉक्स म्हणतात ते) तंतूच्या टोकात शिरून हे रसायन बाहेर पडू देत नाही. स्नायू शाबूत, तंतू शाबूत, फक्त निरोप पोचत नाही. ही अडवणूक पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून परिणाम हळूहळू चढतो. पुढे तंतूला नवे फाटे फुटतात, मूळचं टोकही सावरतं, आणि तीन-चार महिन्यांत हालचाल परत येते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, हे औषध पोकळी भरत नाही. ते काम फिलरचं. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी खोल रेघ पहिल्या खेपेला फिकी होईल, पुसली जाईलच असं नाही. कपडा दुमडणं थांबवलं तरी जुनी घडी लगेच जात नाही, तसंच हे. दुसरी, याला उतारा नाही. बरेच फिलर विरघळवणारं इंजेक्शन असतं. बोटॉक्स चुकीच्या जागी गेलं तर उतरेपर्यंत वाट पाहणं एवढंच हातात उरतं. म्हणून कमी डोसनं सुरुवात करणारा डॉक्टर कंजूस नसतो.

हे औषध आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आलं. तिरळेपणा आणि पापणीचा झटका यांसाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरच्या जीन आणि ॲलेस्टर कॅरदर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आलं, की पापणीच्या झटक्यावर उपचार घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या रेघाही गुळगुळीत होतात. सौंदर्यासाठीची अमेरिकी मान्यता २००२ ची. सांगायचं कारण एवढंच, की औषध नवखं नाही; नवखा असतो तो बऱ्याचदा टोचणारा हात.

दवाखान्यातून निघण्याआधी

वहीत किंवा मोबाइलमध्ये चार गोष्टी उतरवून घ्या: औषधाचं नाव, बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत, कुठल्या भागात किती युनिट (या औषधाचं माप), आणि तारीख. बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊ द्यायला चांगला दवाखाना नाही म्हणत नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

युनिटचा हिशेब समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात. बोटॉक्सची बाटली ५०, १०० किंवा २०० युनिटची असते. आत पावडरचा इतका पातळ थर असतो, की बाटली रिकामीच वाटते. "रिकामी बाटली दाखवून फसवलं" ही तक्रार इथून निघते. बाटलीत हवा नसते. सलाइनची सुई बुचातून आत गेली की सलाइन आपसूक ओढलं जातं. तसं ओढलं गेलं नाही, तर ती बाटली वापरायची नसते. मिसळलेलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे २४ तासांत संपवायचं असतं. महिनाभरापूर्वी उघडलेल्या बाटलीतलं शिल्लक औषध स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

आता सिरिंज. १०० युनिटच्या बाटलीत २.५ मिली सलाइन घातलं, तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. हे औषध बऱ्याचदा इन्शुलिनच्या सिरिंजनं देतात आणि १ मिलीला १०० आकडे असलेल्या सिरिंजवर ०.१ मिली म्हणजे १० चा आकडा. बघणाऱ्याला वाटतं दहा युनिट टोचले. गेलेले असतात चार. सिरिंजवरचे आकडे इन्शुलिनचे आहेत, बोटॉक्सचे नाहीत. म्हणून रेघा मोजत बसू नका, युनिट विचारा.

छापील मात्रा अशी आहे: भुवयांमधल्या उभ्या रेघांसाठी पाच ठिकाणी ४-४, एकूण २० युनिट. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांसाठी प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी ४-४, दोन्हीकडे मिळून २४. कपाळाच्या आडव्या आठ्यांसाठी २०, आणि तेही भुवयांमधल्या २० सोबत. प्रत्यक्षात कपाळाला डॉक्टर बरेचदा यापेक्षा कमी देतात. पुरुषांचे स्नायू जाड असतात, त्यांना थोडं जास्त लागतं. डिस्पोर्ट हा याच औषधाचा दुसरा ब्रँड, त्याची युनिटं वेगळी. त्यात भुवयांमधला डोस ५० युनिटचा. तेव्हा "मैत्रिणीला पन्नास दिले, मला वीसच" ही तुलना करण्याआधी बाटली कुठली होती ते विचारा.

सही करायचा संमतीपत्राचा कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. न वाचता सही करू नका. मराठीत समजावून सांगा म्हणा. बेळगावात तीन भाषा बोलणारे डॉक्टर दुर्मीळ नाहीत, संकोच करायचं कारण नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई (कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते; ते प्रमाणपत्र बघायला मागा. ब्यूटी पार्लरमध्ये, कुणाच्या घरी किंवा "बेंगळूरची मॅडम येणार आहे, दहाजणी जमा" अशा ठिकाणी हे इंजेक्शन घ्यायचं नसतं. हे डॉक्टरनंच द्यायचं, चिठ्ठीवरचं औषध आहे.

पहिले चार तास

फुगवटे अर्ध्या-एक तासात बसतात. रक्ताचा ठिपका स्वच्छ कापसानं हलकेच टिपायचा, चोळायचा नाही. औषध अजून एका जागी बसलेलं नाही, म्हणून या वेळात पडून राहायचं नाही, फार वेळ वाकायचं नाही आणि कपाळाला दाब द्यायचा नाही. चार तास ताठ राहण्याच्या नियमामागचा पुरावा तसा पातळ आहे. पण पाळायला खर्च काही नाही, म्हणून पाळा. न चोळण्याचा नियम मात्र पक्का आहे.

आपल्या भागात हे प्रत्यक्षात कुठे अडतं?

हेल्मेट. टिळकवाडीतून शहापूरला जायचं तरी आपण गाडीच काढतो. बंद हेल्मेटचं आतलं पॅड नेमकं कपाळावर बसतं आणि घालता-काढताना त्वचा घासून वर ओढली जाते. हेल्मेट न घालणं हा पर्याय नाही. गाडी न काढणं हा आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच, त्यामुळे "तू चालव, मी मागे बसते" म्हणून सुटका नाही. त्या दिवशी रिक्षा किंवा बस.

बस. निपाणी, अथणी, गोकाककडे परतताना डुलकी लागते आणि कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर टेकतं. दांडीचा दाब, त्यात रस्त्याचे हादरे. खिडकीशी बसू नका, डोकं मागे टेकवा, आणि झोप आवरत नसेल तर सोबतच्याला जागं ठेवायला सांगा.

कुंकू. भुवयांमधलं मधलं टोचणं नाकाच्या मुळाशी, टिकली लावतो त्याच्या जरासं खाली असतं आणि दोन्ही बाजूंची टोचणी तिच्या आजूबाजूलाच. टिकली लावताना आपण बोटानं दाबतो, काढताना त्वचा ओढतो, आणि ताज्या भोकावर गोंद किंवा ओलं कुंकू जातं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कपाळ मोकळं राहिलं तर उत्तम. ज्यांना ते चालणारच नाही, त्यांनी चार तासांनंतर नवी, छोटी टिकली नेहमीपेक्षा बोटभर वर, नुसती टेकवावी. हळदीकुंकवाला जायचं असेल तर दुसऱ्याला बोट टेकवू देऊ नका. कुंकवाची कुयरी हातात घ्या आणि आपणच लावा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर किंवा चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला कपाळभर भंडारा चोळतात, तो बेत त्या आठवड्यात नकोच. देवापुढं डोकं टेकायचं तर त्या दिवशी हात जोडले तरी पोचतं.

शेतातली मंडळी: जुलैत खानापूर-जांबोटीकडे भाताची लावणी चालू असते. तासन्‌तास खाली वाकण्याचं हे काम त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बाजूला ठेवा.

कपाळ-भुवया थोडा वेळ हलवा, असं काही डॉक्टर सांगतात. तासभर अधूनमधून आठ्या घातल्या तर परिणाम एखादा दिवस लवकर दिसू शकतो. दोन आठवड्यांनी मात्र हलवणारे आणि न हलवणारे सारखेच. विसरलात तरी बिघडत नाही.

पहिली रात्र, दुसरा दिवस

२४ तास जिम नाही, धावणं नाही, दारू नाही, वाफ नाही, गरम पाण्याचा मारा चेहऱ्यावर नाही. रक्ताचा ओघ वाढला की काळं-निळं पडण्याची शक्यता वाढते. बेळगावच्या पावसाळ्यात सर्दी झाली की वाफ घेण्याची सवय असते. ती एक दिवस थांबवा. डोक्याला तेल घालून चंपी करून घेणं दोन दिवस पुढे ढकला, कारण चंपी करणारा हात कपाळावर उतरतोच. शीर्षासन, सर्वांगासनही दुसऱ्या दिवसानंतर. रात्री पाठीवर झोपता आलं तर बरं. कुशीवर झोपलात तर गाल आणि भुवई उशीत दाबली जाणार नाही एवढं बघा.

चेहरा साध्या पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपून घ्या. क्रीम आणि मेकअप चार तासांनंतर हलक्या हातानं चालतो. दुसऱ्या दिवसावर ढकलला तर जास्त चांगलं. पुरुषांनी दाढी दुसऱ्या दिवशी करावी. फेशियल, चेहऱ्याचा मसाज, पील, लेझर यांना दोन आठवडे थांबवा. दातांच्या डॉक्टरांची वेळही त्याच आठवड्यात घेऊ नका. तासभर आडवं पडून चेहऱ्यावर हात चालतो.

डोकं दुखणं नेहमीचं आहे. घट्ट फेटा बांधल्यासारखं वाटतं आणि एक-दोन दिवसांत जातं. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, त्यानं निळेपणा वाढतो. मात्र हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. चार दिवस निळा डाग परवडला, पण हृदयाशी खेळ नको. डाग पडलाच तर पहिल्या दिवशी बर्फ रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं, न दाबता, नुसता टेकवायचा. निळ्याचा हिरवट-पिवळा होत आठवडा-दहा दिवसांत तो जातो.

तिसरा ते दहावा दिवस: कळ काढायचा काळ

"डॉक्टर, आज चौथा दिवस, आठ्या तशाच आहेत की ओ!" दवाखान्यांना सगळ्यात जास्त फोन येतात ते याच सुराचे. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बदल जाणवतो, काहींना पाचव्यापासून. आधी दिसत नाही, जाणवतं: रागानं बघायला गेलं तर भुवया जवळ येता येता मध्येच अडतात. मग कपाळ जरा जड, लावलेला लेप वाळल्यासारखं वाटतं. हे जडपण दोनेक आठवड्यांत सवयीचं होतं.

याच दिवसांत दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. एका बाजूचं औषध आधी लागू होतं, दुसऱ्या बाजूचं दोन दिवसांनी. तोवर एक भुवई वर, एक खाली. आरशासमोर उभं राहून रोज मोजमाप करणाऱ्यांचं मन यात उगाच खट्टू होतं. सातव्या दिवशी वाकडं दिसतंय म्हणून आणखी टोचून घेणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. आधीचं औषध अजून चढतंय, त्यावर नवं घातलं की पंधराव्या दिवशी कपाळ दगड होतं आणि भुवया खाली बसतात. चौदा दिवसांच्या आत टच-अप (कमी पडलेल्या जागी थोडं वाढीव औषध) द्यायला तयार असलेल्या डॉक्टरपेक्षा, "थांबा" म्हणणाऱ्याचं ऐका.

जबड्याच्या स्नायूत इंजेक्शन घेतलं असेल, तर वेळापत्रक वेगळं. चावताना थकवा येतो. मऊ भात-आमटीला काही वाटत नाही, पण कडक ज्वारीची भाकरी किंवा ऊस चावताना जबडा लवकर दमतो. दोन-तीन आठवडे भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. चेहऱ्याची बाजू निमुळती दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण स्नायू वापर कमी झाल्यावरच बारीक होतो.

चौदाव्या दिवशी बघायचं काय

फोटो नसतील तर हा दिवस वादात जातो. म्हणून इंजेक्शनच्या आधीच, सकाळी, एकाच खिडकीसमोर, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून चार फोटो काढून ठेवा: स्वस्थ चेहरा, भुवया आवळून, भुवया वर उचलून, आणि डोळे मिचकावून हसताना. चौदाव्या दिवशी त्याच खिडकीशी, त्याच वेळी तेच चार. अर्ध्या लोकांना पहिला संच बघितल्यावर कळतं, की एक भुवई आधीपासूनच खाली होती.

खानापूर, चंदगड, रायबागहून येणाऱ्यांनी पहिल्या फेरीलाच दुसऱ्या फेरीची तारीख ठरवून टाकावी. तपासणी आणि दोन-चार युनिटचा टच-अप धरलाय का, की त्याचे पैसे वेगळे, हेही पहिल्याच दिवशी विचारा. दर युनिटवर आहे की भागावर, हे विचारा. सौंदर्यासाठीच्या उपचारावर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेला आकडा करासह आहे का, तेही. आरोग्य विमा यातलं काही देत नाही.

बिघडतं ते असं

भुवईचं बाहेरचं टोक बाणासारखं वर चढणं. कपाळाच्या मधे औषध लागलं, कडेचा स्नायू मोकळा राहिला, की तो एकटाच ओढत राहतो आणि चेहरा नाटकातल्या खलनायकासारखा दिसतो. हे दुरुस्त होतं: त्या कडेला एक-दोन युनिट, आणि काही दिवसांत भुवई खाली येते.

भुवया जड होऊन खाली बसणं. कपाळात औषध फार खाली, भुवयांच्या अगदी वर दिलं किंवा जास्त झालं की असं होतं. ज्यांच्या वरच्या पापण्या मुळातच सैल असतात, ते नकळत कपाळ वर ओढून डोळे उघडे ठेवत असतात. त्यांचा तो आधारच निघतो. चाळिशी-पन्नाशीच्या लोकांनी हे आधी तपासून घ्यावं: डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, भुवयांवर हलकेच बोट ठेवा आणि डोळे उघडा. उघडताना भुवई बोटाखालून वर सरकत असेल, तर कपाळाला कमी डोस किंवा नकोच.

पापणी पडणं. भुवयांमधलं औषध झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की एक डोळा अर्धवट मिटलेला दिसतो. भुवयांमधल्या इंजेक्शनच्या मूळ चाचण्यांत हे सुमारे ३ टक्के लोकांना झालं होतं. अनुभवी हातात ते कमी असतं. बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतं आणि दोन ते सहा आठवड्यांत जातं. भुवई बसली की पापणी पडली हे ओळखायचं असेल, तर बोटानं भुवई नेहमीच्या जागी वर धरा. डोळा पूर्ण उघडा दिसला तर दोष भुवईचा. भुवई वर असूनही पापणीची कड बुबुळावर लोंबत असेल तर दोष पापणीचा. पापणीसाठी ॲप्राक्लोनिडीन ०.५ टक्के थेंब डॉक्टर देतात. ते दुसऱ्या एका छोट्या स्नायूला चेतवून पापणी एक-दोन मिलिमीटर उचलतात, पण थेंबांचा असर असेपर्यंतच. घरात कुणी दृष्ट काढायला निघालं तर काढू दे. थेंबांची चिठ्ठी मात्र डॉक्टरांकडूनच घ्या, कारण रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांना ते जपून द्यावे लागतात.

हसू वाकडं होणं. डोळ्याच्या कोपऱ्याचं इंजेक्शन गालाच्या फार खाली गेलं, तर ओठ वर ओढणाऱ्या स्नायूला लागतं. काही आठवड्यांत सुटतं, थेंब-औषध नाही. फोटोत ओठ मिटून हसा, एवढाच इलाज.

काहीच न होणं. चौदा दिवसांनीही भुवया पूर्वीसारख्याच आवळत असतील, तर डोस कमी पडला, औषध जास्त पातळ केलं होतं, किंवा थंडाव्याची साखळी तुटली होती. फार वेळा, फार जवळजवळ घेत राहिलं तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडही तयार करू शकतं. म्हणून दोन खेपांमध्ये किमान तीन महिने.

हे झालं तर वाट बघू नका

गिळायला त्रास, आवाज बदलणं किंवा घोगरा होणं, श्वास अपुरा पडणं, दोन-दोन दिसणं, अंगभर अशक्तपणा: औषध दूर पसरल्याची ही लक्षणं आहेत. काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही येऊ शकतात. सौंदर्याच्या मात्रेत क्वचितच होतं, पण झालं तर मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभागच. १०८ ला फोन करा आणि बोटॉक्स कधी, किती घेतलं ते सांगा. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं हेही तसंच तातडीचं.

आणि एक गोंधळ टाळा. पापणी पडली की घरातले "तोंड वाकडं झालं, वारं गेलं" म्हणून घाबरतात. बोटॉक्सची पडलेली पापणी इंजेक्शननंतर काही दिवसांनी, हळूहळू, तेवढ्याच जागी पडते. अचानक चेहऱ्याची अर्धी बाजू लोंबली, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर ते बोटॉक्स नव्हे. तो मेंदूचा झटका समजून त्याच क्षणी निघा. उलटही होतं: "परवा इंजेक्शन घेतलं होतं, त्याचंच असेल" म्हणून खरा झटका घरी काढला जातो.

या काळात दुसऱ्या आजारासाठी गावातल्या डॉक्टरांकडे गेलात, तर बोटॉक्स घेतल्याचं सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं आणि स्नायू सैल करणारी औषधं याचा असर वाढवू शकतात. गरोदर आहात, बाळ अंगावर पितंय, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे, किंवा टोचायच्या जागी पुरळ-पू आहे, तर इंजेक्शन घेऊच नये. डिस्पोर्ट घेणाऱ्यांनी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं.

लग्नाची तारीख धरून उलटं मोजा

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि दवाखान्यांत गर्दी होते. "परवा साखरपुडा आहे" म्हणून येणाऱ्याच्या हातात फार तर कपाळावरचे निळे डाग पडतात. मुहूर्ताच्या आधी चार आठवडे इंजेक्शन: दोन आठवडे परिणाम चढायला, मग टच-अप, मग तो बसायला पुन्हा दोन. आयुष्यातलं पहिलंच इंजेक्शन असेल तर सहा-आठ आठवडे आधी, म्हणजे पापणी पडली तरी फोटोच्या आत उठते. हळद लावताना पाच सवाष्णी चेहरा चांगला चोळतात; चार आठवड्यांपूर्वीच्या इंजेक्शनला त्याचं काही नाही, चार तासांपूर्वीच्याला आहे.

तिसऱ्या महिन्यापासून पुढे

परिणाम एका रात्रीत जात नाही. आधी एखाद्या भुवईची कड हलते, मग आठ्यांची फिकट सावली येते, चौथ्या महिन्याच्या आसपास कपाळ पूर्ववत. थांबवलं तर सुरकुत्या पूर्वीपेक्षा वाढत नाहीत. गुळगुळीत कपाळाची सवय झालेली असते, म्हणून जुनं रूप जास्त डोळ्यात भरतं. पुढची खेप घ्यायची तर हालचाल बरीचशी परतल्यावर, तीन महिन्यांच्या आत नाही, आणि जाताना वहीतला तो जुना कागद, बॅच नंबर आणि फोटोंचे दोन्ही संच बरोबर न्या.